काटकसरीची सरासरी

आप्पा, या महिन्यातही मला विजेचं बिल आलं आणि तुमच्या धाकट्याला शून्याचं आलं.

तुम्ही गेल्यावर घराच्या मधोमध भिंत आली, मीटर दोन झाले. दारापुढचा बसायचा सोपा तेवढा एक राहिला; त्यात एक दिवा माझ्या बाजूला, एक त्याच्या. आता सरकारनं घरची वीज फुकट केलीय, पण कुणाला किती, ते ज्याच्या त्याच्या मागच्या वापराची सरासरी काढून, वर थोडी वाढ धरून ठरवलं. त्यापुढं गेलं की पैसे. म्हणजे ज्यानं उधळली त्याला भरपूर आणि ज्यानं जपली त्याला चिमूटभर. मी बटणाला हात लावल्याशिवाय खोलीचा उंबरा ओलांडला नाही. अंघोळीचं पाणी आजही बंबात, तंबाखूच्या काड्यांवर तापतं. त्याच्याकडं गिझर, भरदिवसा सोप्यात दिवा, माणूस नसलेल्या खोलीत पंखा. त्याची सरासरी ऐसपैस. माझी तुमच्या शिस्तीएवढी.

एरवी हसून सोडलं असतं. पण दिवस मंदीचे आहेत. जळालेल्या विजेच्या मोटारी पुन्हा बांधायचं काम मला कुणी शिकवलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. जळकी मोटार उसवून, तार बोटावर घेऊन शिकलो. निपाणीत माझ्या बांधणीला नाव आहे. पण बोरगाव-सदलग्याकडचे यंत्रमाग थांबले, आणि बंद मागाची मोटार जळत नाही. तिकडं गॅस वाढला, पाणीपट्टी वाढली. पोरगी बारावीला. तिच्या दिव्या-पंख्यातच आमची फुकटाची हद्द संपते. दोन-चार वेळा तिला म्हणालो, बाहेर उजेड असताना आत दिवा कशाला? तिनं एक दिवस पुस्तकं उचलली आणि काकाच्या खोलीत जाऊन बसली. आता कॉलेजातून आली की तिकडंच. भिंतीतून तिचं हसणं ऐकू येतं. आमच्याकडं ती एवढी हसत नव्हती.

गेल्या आठवड्यात तिला आणायला गेलो. धाकटा सोप्यात शेंगा फोडत बसलेला.

"काय अण्णा, बटण शोधाय आलास व्हय?"

"पोरगीला न्यायला आलोय. तिला घर हाय."

"बसू दे की रं. माझी पोरं गेली बेंगळूरला. वीज लई हाय, वापराय माणूस न्हाय."

तेवढ्यात पोरगी दारात आली. "पप्पा, आपल्याकडं बसलं की तुम्ही माझ्याकडं बघतच नाही. बटणाकडं बघता."

ती आत गेल्यावर सगळं त्याच्यावर काढलं. "तुझ्याकडं असणारच वीज. जल्मभर दिवं जाळलास. आप्पा तुला एका शब्दानं बोलले न्हाईत."

आप्पा, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. लहानपणी वाचता वाचता माझा डोळा लागला, की तुम्ही हलवून उठवायचा. "ऊठ. दिवा लावलास तू, घालवणार बी तू." धाकटा मात्र दिवा तसाच ठेवून झोपायचा, आणि तुम्ही स्वतः उठायचा. आधी त्याच्या अंगावर पांघरूण ओढायचा, मग बटण. मी अंथरुणातून बघायचो. माझ्या अंगावरचं पांघरूण नीटच असायचं, कारण मी ते नीट घ्यायचो.

त्यानं शेंगांची टरफलं झटकली. "तुला तर उठवून बोलायचे. मीटर कसा फिरतो ते तुलाच दावायचे, तंबाखूच्या वखारीत फ्यूज बांधाय तुलाच संगं न्यायचे. माझ्याकडं कवा यायचे? दिवा ऱ्हायला तर. म्हणून ठेवत होतो."

खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं. तोही माझ्यावर जळत होता तर. पण घरात येईपर्यंत ते बरं वाटणं गेलं. तुम्हाला जवळ बोलवायची युक्ती त्याला एवढ्याशा वयात सापडली होती. मी मोटारीचा वेढा न् वेढा जाणणारा, आणि मला ती कधी सुचलीच नाही.

आज दिवेलागणीला माझ्या बाजूचा सोप्यातला दिवा लावला, तुमच्यासारखे हात जोडले. एरवी हात जोडून होताच घालवतो. आज तसाच ठेवून आत येऊन हे लिहितोय. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. पलीकडं पोरगी अजून मोठ्यानं पाठ करते आहे. मधेच तिचा आवाज थांबला, की माझं पेन थांबतं. 'पप्पा, दिवा राहिला की' म्हणत ती येईल, असं वाटतं. बिलात यायचं ते येऊ दे.

सगळं स्वतःच्या हातानं शिकलो, असं मी चारचौघांत सांगतो. एवढं एक मात्र धाकट्याकडून उचललं. त्याला सांगणार नाही.