तुमच्या आवाजाची परवानगी

अण्णा, तुमची नात गाते. तुम्ही गेलात तेव्हा ती डाव्या पायातला बूट उजव्या पायात घालून घरभर फिरायची, त्यामुळे हे तुम्हाला कळायचं काही कारण नाही. कॉलेजात असताना तिचा मित्रमैत्रिणींचा बँड होता. त्यात ती प्रेमाबिमाची गाणी म्हणायची आणि ती आम्ही इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना मोबाइलवर हौसेने ऐकवायचो. तो बँड मोडला. आता तिने एकटीने आल्बम केलाय, पहिलाच. त्यात पेटी नाही, तबला नाही, गिटारसुद्धा नाही. सगळं लॅपटॉपवर. पीठगिरणीचा पट्टा धडधडत राहावा तसं काहीतरी खाली चालू असतं आणि त्याच्यावर ती अगदी शांत आवाजात गाते. आणि गाणी सगळी राजकीय. या देशात कोणाला ठेवायचं, कोणाला हाकलायचं, हे कोण ठरवतं, असली. मंडळात ऐकवण्यासारखं त्यात एकही नाही. आज संध्याकाळपर्यंत मला तिला एक उत्तर द्यायचंय आणि ते खरं तर तुम्ही द्यायला हवं होतं. म्हणून लिहायला बसले. बसले, उठले, धुतलेलं ओट्याचं फडकं परत धुतलं, आणि परत बसले.

गेल्या शनिवारी ती जर्सी सिटीहून आमच्याकडे हर्नडनला आली. जेवण झाल्या झाल्या म्हणाली, "आई, चल, गाडीत बस."

"कुठे जायचंय?"

"कुठेच नाही. गाणं ऐकायचंय. कार टेस्ट."

"घरात एवढा महागाचा स्पीकर घेतलाय तुझ्या बाबांनी."

"त्याच्यावर सगळंच छान वाटतं, आई. लोक गाडीत ऐकतात. गाडीत आवाज फाटला तर फाटला. तू ड्राइव्ह कर, मी फक्त ऐकते."

मी गाडी चालवतेय, ती शेजारी डोळे मिटून बसलीय. आमच्या कॉलनीतल्या गल्ल्या, कडेला कापलेली हिरवळ, एक माणूस कुत्र्याला फिरवतोय. ती धडधड सुरू होते आणि त्या धडधडीतून एकदम तुम्ही बोलता. "हॅलो. हॅलो. मेथी. शेपू. पालक. चुका. करडई." मी ब्रेक दाबला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, इथे सहसा कोणी वाजवत नाही. तुमचा आवाज मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. तो एवढा तरुण होता हे मी विसरले होते.

ती विचारत होती, आजोबा भाज्यांची नावं का घेतात? मग मी गाडी कडेला लावून तिला सांगितलं. की तुमचा लाउडस्पीकर आणि मांडवाचा धंदा होता, आणि आपल्या तालुक्याच्या गावात दुसरा चांगला लाउडस्पीकर नव्हता. त्यामुळे सगळ्या पक्षांच्या सभा तुमच्याकडे. काल एकाची, आज त्याच्या विरोधकाची, त्याच मैदानात, त्याच कर्ण्यांवर. माइक तपासताना बाकीचे लोक देवाचं नाव घेत, नाहीतर जय अमुक जय तमुक म्हणत. तुम्ही कोणाचंच नाव घेतलं नाहीत. देवाचं घेतलं तरी कोणीतरी विचारायचं, आमचा का नाही? म्हणून तुम्ही पालेभाज्या शोधून काढल्या. आणि त्यातही हिशेब होता. पालक म्हटलं की माइक फुटतोय का ते कळतं, शेपू म्हटलं की शिट्टी मारतोय का ते कळतं. गावात तुम्हाला लोक भाजीवाले म्हणून चिडवायचे. "काय अण्णा, आज करडई ताजी दिसत नाही!" तुम्ही हसून सोडून द्यायचात.

गाण्यातला तुमचा आवाज माझ्या लग्नाच्या कॅसेटमधला. मुलीच्या लग्नात तरी दुसऱ्या कोणाला बसवतील, असं सगळ्यांना वाटलं होतं. पण मंगलाष्टकांची वेळ झाली तरी तुम्ही नवं धोतर नेसून अँप्लिफायरपाशी उकिडवे. मामा ओरडला होता, "दाजी, गावाचे लाउडस्पीकर रोजच असता, आज तरी मुलीचे बाप व्हा!" टेपरेकॉर्डर अँप्लिफायरलाच जोडलेला होता, त्यामुळे ते सगळं त्यात आलं. तुमच्या भाज्या, मामाचं ओरडणं, आणि त्यानंतर माझा आवाज, "अण्णा, पुरे ना आता, गुरुजी थांबलेत." मी मुंडावळ्या बांधून मांडवाच्या दारात उभी होते.

एक दिवस मात्र मी तिला सांगितला नाही. मी सातवीत असेन. निवडणुकीचे दिवस होते. तुम्ही मैदानाच्या टोकाला, शेवटच्या रांगेच्या जागी जाऊन उभे राहायचात आणि आवाज तिथपर्यंत पोचतोय का बघायचात. त्या दिवशी माइकवर मला उभं केलंत. मी मेथी म्हटलं, शेपू म्हटलं, आणि शाळेतली सगळी पोरं ओरडायची त्या उमेदवाराचं नाव घेऊन विजय असो म्हटलं. कर्ण्यातून माझाच आवाज सगळ्या गावावर गेला आणि मला इतकं छान वाटलं, अण्णा, की मी परत म्हटलं. तुम्ही पळत आलात. मारलं नाहीत. बटण बंद केलंत आणि हळू म्हणालात, "पोरी, आपण लोकांना आवाज पुरवतो. त्यात आपला घालायचा नाही." नंतर मला कधी माइकवर उभं केलं नाहीत. मी ते पाळलं. कॉलेजात पाळलं, इथे ऑफिसात पाळते. मीटिंगमध्ये काही बोलायचं असलं तर नंतर ईमेल करते.

गाडी कडेलाच उभी होती. ती भाज्यांची गोष्ट ऐकून खूप हसली. मग म्हणाली, "म्हणजे ज्याच्यावर कोणी भांडूच शकणार नाही असं काहीतरी त्यांनी शोधलं?"

"हो."

"अँड नाउ लुक."

तिच्या बिल्डिंगखाली कोपऱ्यावर एक माणूस भाजीची गाडी लावायचा. कुठल्या देशाचा ते तिला माहीत नाही. ती त्याच्याकडून कोथिंबीर घ्यायची, आणि तो तिला जुडी देताना त्याच्या भाषेतलं नाव सांगायचा, ती मराठीतलं सांगायची. एक दिवस गाडी तशीच उभी, भाजी तशीच मांडलेली, आणि तो नाही. त्याला इमिग्रेशनवाल्यांनी नेलं, असं शेजारच्या लाँड्रीवाल्याने सांगितलं. संध्याकाळी पालेभाजी माना टाकून पडली होती आणि लोक बाजूने जात होते. गाणं त्याच्यावर आहे. त्याच्याबद्दल तिने त्यात एक अक्षर लिहिलं नाही, म्हणाली, काहीही लिहिलं तरी खोटं वाटत होतं. आणि मग आमच्या बेसमेंटमधल्या खोक्यात तिला ती कॅसेट सापडली.

"तुझी परमिशन पाहिजे, आई. तुझे वडील आहेत ते. तू नाही म्हणालीस तर काढून टाकीन, आय प्रॉमिस. पुढच्या शनिवारी फाइल्स द्यायच्यात." गाडीतून उतरता उतरता ती म्हणाली, "आणि तुझा आवाज मी कट केलाय. डोन्ट वरी."

मला हायसं वाटलं. तुम्हाला सांगायला हवं, की आमची ग्रीन कार्डाची केस चालू आहे. नोकरीतर्फे लावलेली रांग कधी हललीच नाही, म्हणून ती एकवीस वर्षांची झाल्यावर तिनेच आमच्यासाठी अर्ज केला. ती इथे जन्मलेली, इथली नागरिक. आमच्या कागदांवर तिची सही आहे, आणि आल्बमवर तेच नाव येणार. इंटरव्ह्यू अजून व्हायचाय. यांनी गाणं ऐकलं आणि चष्मा पुसायला काढला. मग म्हणाले, "गाणं चांगलं आहे गं. पण आत्ताच कशाला? कार्ड हातात येऊ दे, मग काय करायचं ते कर म्हणावं."

"भाज्यांची नावं आहेत फक्त," मी म्हटलं.

"ते तुला कळतं. ऐकणाऱ्याला खाली आडनाव दिसतं."

ते चुकीचं बोलत नाहीत. इतकी वर्षं आम्ही दोघांनी मिळून हे घर, ही नोकरी, हे कागद सांभाळलेत. रस्त्यात पोलिसांची गाडी मागे आली की अजून माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो, वेग बरोबर असला तरी. आठवडाभर मी ऑफिसला जातायेता ते गाणं ऐकते. हे मी घरात बोलले नाही. ऐकताना मी मामाच्या ओरडण्याची वाट बघते, ते येतं, आणि त्यानंतर जिथे मी यायला हवी तिथे नुसती धडधड आहे. पहिल्या दिवशी हायसं वाटलं होतं. मंगळवारपासून ते हायसं वाटणंच टोचायला लागलं. इतकं सफाईने कापलंय की तिथे कोणी होतं हे कोणाला कळणारही नाही. तिने ते माझ्या काळजीनेच केलं, आणि मला न विचारता, कारण मी काय म्हणेन हे तिला विचारावंसुद्धा लागलं नाही.

इथपर्यंत लिहून उठले होते. तिला फोन करून आले. हे वाणसामानाला गेलेत, ते यायच्या आत बोलावं असं वाटलं.

मी म्हटलं, "आजोबांचा आवाज राहू दे."

ती म्हणाली, "शुअर? बाबा काय म्हणतायत?"

"बाबांना मी सांगते."

"नाही पण, आजोबांना चाललं असतं का? खरं सांग."

"आजोबा हो म्हणाले असते," मी सांगितलं. "लगेच."

ती रडायला लागली आणि थँक यू, थँक यू म्हणत राहिली. मग म्हणाली, "अजून काही सांगायचंय, आई?" मी म्हटलं, जेवलीस का. तिने फोन ठेवला. फाइल आता गेली असेल.

अण्णा, तुम्ही नाही म्हणाला असता. वर मला ओरडलाही असता. तुमच्या तोंडी हो घालताना माझी जीभ जराही अडखळली नाही. हे मी कोणाला सांगणार नाही, आणि गाडी ड्राइव्हवेवर लागल्याचा आवाज आला, म्हणून ही फाइल सेव्ह न करता बंद करतेय. तिने अजून काही सांगायचंय का विचारलं, तेव्हा मला म्हणायचं होतं, माझाही आवाज परत घाल. तेवढं मात्र तोंडातून निघालं नाही.