घरच्यांकडून मिळालेली माहिती

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोन करत नाही म्हणून तू रागावलीस, पण फोनवर मला चार वाक्यांच्या पुढे सुचत नाही हे तुला ठाऊक आहे. पत्रात निदान माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढायचं समाधान तरी तुला मिळतं.

बातमी अशी, की अपंगत्व पेन्शनचं अपील शेवटी दाखल केलं. चौदा वर्षांपूर्वी सैन्यातून घरी पाठवताना अर्ज नामंजूर झाला, तेव्हा मी तो कागद ट्रंकेत टाकून दिला होता. आता हात जास्त थरथरतात. शिलाई मशीन उघडतो, पण बारीक स्क्रू बोटांत टिकत नाही. दुकानाबाहेर एखाद्या ट्रकनं जोरात ब्रेक मारला की माझा उरलेला दिवस वाया जातो. हिनं माजी सैनिकांच्या संघटनेतल्या वकीलबाई गाठल्या आणि त्यांनी माझ्या फाइलीची नक्कल मागवली.

नामंजुरीचं कारण मी पहिल्यांदाच वाचलं. लष्करी दवाखान्याच्या डॉक्टरांनी लिहिलंय, की घरच्यांकडून मिळालेल्या माहितीनुसार रुग्णाच्या वडिलांनाही असाच मानसिक त्रास होता, सबब आजार आनुवंशिक असून सेवेशी संबंधित नाही. बाबांना कसला त्रास? मला वाटतं काका काहीतरी बोलले असणार. त्यांची जीभ कधीच ताब्यात नव्हती. आता ते नाहीत, भांडायचं कोणाशी? तुला काही माहीत असलं तर कळव.

बाकी क्षेम. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
धाकटा


दि. १३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काका नव्हेत. ते मी लिहिलं.

तू दवाखान्यात होतास तेव्हा तिथून घरी एक छापील पत्रक आलं होतं. रुग्णाचा स्वभाव, सवयी, घरातले आजार, असे रकाने होते. बाबांना तेव्हा नीट दिसत नव्हतं, म्हणून मी भरलं. शेवटी थोडी मोकळी जागा होती. तिथे मी लिहिलं, की आई गेल्यावर बाबाही असेच गप्प झाले होते, वर्षभर कोणाशी धड बोलले नाहीत, तेव्हा माझ्या भावाला घाई करू नये, तो सावकाश बोलेल. त्यांनी तुझ्याशी सबुरीनं वागावं, एवढंच मनात होतं.

तीस वर्षं मी नगरपालिकेचं दप्तर सांभाळलं. फाइलीत गेल्यावर एका ओळीचं काय होतं, हे मला कळायला हवं होतं. त्या वर्षात बाबांनी कामावर एकही खाडा केला नाही. तुझे डबे भरले, माझी वेणी घालायलासुद्धा शिकले, वाकडी का होईना. हे मी लिहिलं नाही, कारण ते कुणी विचारलं नव्हतं.

मी सगळं प्रतिज्ञापत्रावर लिहून देते. राग आला तर येऊ दे, पण उत्तर पाठव.

तुझं भलं चिंतणारी,
ताई


दि. ६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला तीन आठवडे लागले. तुझं पत्र वाचून दुकानात गेलो आणि एकच मशीन तीनदा उघडून तीनदा बसवलं. त्यात बिघाड नव्हताच, नुसतं तेल हवं होतं. ज्यांचं होतं त्या बाई बाकावर बसून होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, की तुमचं झालं असलं तर घेऊन जाऊ का.

राग आला होता. चांगले आठ दिवस होता. मग हिनं विचारलं, की ते पत्रक माझ्या हातात पडलं असतं तर मी काय लिहिलं असतं. काहीच नाही, असं मी म्हटलं. त्यावर ती म्हणाली, की चौदा वर्षं तेच तर चाललंय.

वकीलबाई म्हणतात, लेखी पुरणार नाही, तुला समक्ष यावं लागेल. सुनावणी २८ तारखेला सकाळी अकराला आहे. बाबांच्या कचेरीतून त्या वर्षाच्या हजेरीचा दाखला मिळाला तर आण. सगळ्या कचेऱ्यांतले कारकून तुला वचकून असतात, आता त्याचा उपयोग कर.

एक गोष्ट आणखी. घरी कोणाला सांगितलं नाही ते मला तिथे सांगावं लागेल. तुला नको असेल तर तेवढा वेळ तू बाहेर बस. मला वाईट वाटणार नाही.

वाट पाहतो.

तुझा,
धाकटा


दि. २ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचले. त्या दिवशी परतताना आपण तिघंही रिक्षात गप्प बसलो, म्हणून लिहिते.

त्या खोलीत मला भीती वाटली. लांब टेबल, पलीकडे तिघं सदस्य आणि आपल्यासाठी एक खुर्ची, तीही एका पायानं डुगडुगणारी. मधल्या साहेबांनी विचारलं, की भावाचा फायदा होतोय म्हणून मी जबाब फिरवत नाही ना. मी म्हटलं, फिरवत नाही, अर्धा राहिला होता तो पुरा करतेय. डॉक्टर असलेल्या सदस्यबाईंनी हजेरीचा दाखला दोनदा वाचला. बाबा पुन्हा कधी बोलू लागले, असं त्यांनी विचारलं. तू पोहायला शिकलास त्या दिवशी, असं मी सांगितलं. ते लिहून घेतलं की नाही कोण जाणे.

मग तू बोललास. मी बाहेर गेले नाही. पाण्याचे दोन टँकर, रस्ता कच्चा, पुढच्या गाडीची धूळ मागच्याच्या तोंडात. रोज लंबू पुढे असायचा, त्या दिवशी तू पुढे जायचं म्हणालास आणि त्यानं हसत गाडी बाजूला घेतली. तुझी चाकं गेली तिथूनच त्याची गेली आणि सुरुंग फुटला. आरशात दिसलं, एवढंच बोलून तू थांबलास.

रजेवर आलास की तू ज्याच्या नकला करून आम्हाला हसवायचास, तोच ना हा लंबू? नंतर मी दोनदा त्याची चौकशी केली होती. त्याची बदली झाली, असं तू सांगितलंस. मी ते मानलं आणि कामाला लागले. आता मला ते आठवतं.

जेवणाच्या वेळा पाळ.

तुझी,
ताई


दि. २१ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

निकाल लागला. आजार सेवेतल्या घटनेमुळे झाला, असं त्यांनी मान्य केलं. आनुवंशिकतेचं कारण फेटाळलं. अपंगत्वाचे टक्के आम्ही मागितले त्यापेक्षा कमी दिले आहेत. वकीलबाई त्यावर पुढे भांडायला तयार आहेत, मी पुरे म्हटलं. दर मंगळवारी आता एका डॉक्टरांकडे जातो. ते फार बोलत नाहीत, म्हणून आमचं जमतं.

निकालाची पाच पानं आहेत. चौथ्या पानावर एक वाक्य आहे, की गाड्यांचा क्रम बदलणं ही रोजच्या कामातली साधी गोष्ट होती आणि तीत अर्जदाराचा कोणताही दोष दिसत नाही. वकीलबाई म्हणाल्या, की निकालाला हे वाक्य लागत नव्हतं, ते मुद्दाम घातलेलं दिसतं. कोणी घातलं ते त्यांना माहीत नाही.

ते मी हिला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, की माझा दोष नव्हता हे तिला ऐकल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी म्हटलं, मला नव्हतं.

तुझा,
धाकटा