पाचवीचा पेन

सोमवार, २ डिसेंबर

आज सकाळी दवाखान्याच्या दारात मुरगूडची एक व्हॅन थांबली, तिच्यातून पोटुशी संयोगिता उतरली आणि त्याच क्षणी माझं सगळं बदललं. नोकरीचा पहिला दिवस, व्हीलचेअर ढकलायचं काम आणि पहिलीच पेशंट ती! जिच्या लग्नाची पत्रिका बघून मी बी.कॉम. अर्ध्यात सोडलं, तिला मीच लिफ्टपर्यंत नेलं. तिनं मान वर केली नाही. पण कान लाल झाले की!

बाकी दवाखाना म्हणजे जत्रा. एकेका बाळंतिणीमागं टेम्पोभर माणसं, त्यांचे डबे आणि त्यांच्या अकला. डॉक्टर स्वतःला देव समजतात. आया चिमणाबाई, तोंडात सदा मिसरी. तिनं इथली रीत सांगितली: पोरीसोरी बाळंत झाल्या की दोन-तीन दिवसांत घरी, वय झालेल्यांचा मुक्काम लांबतो. त्यांच्यासाठी मागची खोली. तिथं सध्या एकटीच आहे, सीमेकडच्या गावची शांतव्वा. डोकावलो तर पांढरे केस, बसलेली गालफडं, नाकाशेजारी तीळ आणि कुशीत तान्हं! या वयात हौस बघा म्हातारीची. बाहेर बाकावर मिसरूड फुटलेला एकजण बसलेला. त्याला म्हटलं, पावणं, आईला कधी नेताय? त्यानं उठून कॉलरच धरली. "बायको हाय ती माझी!" जिना उतरेपर्यंत हसत होतो. दहा एकर बागायतीसाठी काय काय गळ्यात बांधून घेतात लोक.

बुधवार, ४ डिसेंबर

संयोगिताला मुलगा झाला. नवरा पेढे वाटून गेला. मिशी पिळदार, वरचा मजला रिकामा. ऊस आणि ट्रॅक्टर सोडून विषय नाही.

तिची सासू, सगळे आक्का म्हणतात तिला, तिनं आल्या आल्या फर्मान सोडलं: शुक्रवारी सोडा, पाचवी आमच्या घरात झाली पाहिजे. पाचव्या दिवशी म्हणे सटवाई येते आणि पोराच्या कपाळावर नशीब लिहून जाते. डॉक्टर दवाखान्यात पूजा मांडू देत नाहीत. त्या माणसाबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं.

पण शुक्रवारी ती गेली तर मी काय बघायचं? भिंत?

शुक्रवार, ६ डिसेंबर

जमवलं! सिस्टर फोनवर खिदळत होती, तेवढ्यात थर्मामीटर चहात बुडवून ठेवला. ताप म्हणजे ताप. एवढं शिकलेले डॉक्टर, चहाच्या तापाला औषध लिहून बसले! सोडायचं रद्द, संयोगिता मागच्या खोलीत. खुर्ची मीच ढकलली. आक्कानं सगळ्यांचा उद्धार केला.

वाटेत संयोगिता पहिल्यांदा बोलली. "उदय, मला ताप न्हाय रे. घरी जाऊ दे मला." मी म्हटलं, चार दिवस काढ, मग माझ्याबरोबरच चल. तिनं तोंड फिरवलं. लाजली असणार.

रविवार, ८ डिसेंबर

पाचवी. आक्का हट्टाची. डॉक्टरांची नजर चुकवून पदराखालून सगळं आणलं आणि कॉटखाली मांडलं. नारळ, हळदकुंकू, सटवाईला लिहायला कोरा कागद आणि नवा पेन. म्हणजे देवी चौदा भुवनं फिरते आणि पेन मात्र मुरगूडच्या बाजारातला लागतो! आक्का चहाला गेली तशी पेन उचलला, खिशात टाकला. माझा संपलाच होता. हे त्यानंच लिहितोय. झकास चालतो.

चिमणाबाईला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. शांतव्वाची पाचवीची पूजा डॉक्टरांनी उचलून कचऱ्यात टाकली होती म्हणे. "सटवाई आली की लिवल्याबिगर जात न्हाय बाबा. लिवायला काय गावलं न्हाय तर पोराला सोडती, आईचं कपाळ धरती. नखानं लिवती. सगळं आयुष्य एका बैठकीत."

मिसरी डोक्यात गेली म्हातारीच्या.

सोमवार, ९ डिसेंबर

संयोगिताच्या कपाळावर आठ्या. काल नव्हत्या. वहीच्या ओळींसारख्या सरळ. कानाजवळ पांढरी बट. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे.

शांतव्वाच्या नवऱ्याला गाठलं. आधी शिवी दिली, मग मोबाईल पुढं केला. गेल्या वर्षी लग्नानंतर दोघं नृसिंहवाडीला गेलेले, तिथला फोटो. त्यात एक पोरगी. नाकाशेजारी तीळ. तोच तीळ. बावीस वर्षांची बायको आणून सोडली म्हणाला, आणि डॉक्टर म्हणतात, गावची माणसं वय खोटं सांगतात.

म्हणजे वय झालं म्हणून राहत नाहीत या. राहिल्या म्हणून—

मी तिला चहाच्या कपानं—

मंगळवार, १० डिसेंबर

पेन परत ठेवायला गेलो. चिमणाबाई म्हणाली, आता ठेवून काय उपयोग, लिवून झालं.

आक्का पोराला घेऊन गेली. ही माझी सून न्हाय, कुणाची म्हातारी आणून ठेवली, असं जिन्यात ओरडत गेली. नवरा खोलीत आलाच नाही. त्या मिशीवाल्यावर मी थुंकणार होतो. बायको टाकून जाणारा—

खुर्ची घेऊन आत गेलो. न्यायचीच म्हणून. खरंच.

शांतव्वा पलीकडं निजलेली. संयोगिता खिडकीकडं तोंड करून बसली होती. वळली. कपाळ गच्च भरलेलं. वर जागा उरली नाही म्हणून गालांवर उतरलेलं. कान तेवढे तिचे. लाल झाले.

म्हणाली, "माझ्याबरोबर चल म्हणालतास न्हवं? चल की उदय."

हात पुढं केला. हाडं आणि शिरा. मी— मला तिच्या वासानं—

खुर्ची तिथंच सोडली. बाहेर आलो. दार ओढून घेतलं. कडी घातली. दाराला पाठ लावून लिहितोय. आतून ती रडत नाही. नुसतं म्हणतेय, चल की, चल की, आणि नखानं दारावर काहीतरी—