बसण्याचा मान

सौंसर,
१६ नोव्हेंबर २०२५

चंद्रकलाबाईले लहान्या भावाचा, उत्तमचा, सप्रेम जयभीम.

इकडे सगळे बरे आहो. तुझा ताप उतरला, आता उठून बसते, असं तुझा सुमेध फोनवर म्हणाला. जिवाले बरं वाटलं. फोनवर तुझ्याशी बोलायची सोयच नाही. तुझा लेक स्पीकर लावून मधातच बसते अन् मी तुले विचारलेल्याचं उत्तर तोच देते! म्हणून हे पत्र. तूच वाच, चौथी पास आहे ना तू?

इकडे कापूस वेचणं चालू आहे. लोधीखेड्याकडं संत्रा यंदा बरा लागला.

मले कपाळावर नागीण निघाली होती, हे कानावर आलंच असेल. शेजारीण म्हणे, गेरू लावा, तिचं तोंड शेपटीले मिळालं की माणूस जाते. मी म्हटलं, आमच्या घरात हे चालत नाही. ऐट मारली खरी, पण दवाखान्यातही गेलो नाही. घरचाच मलम चोपडत बसलो. अशी आग आग होत होती बाई, देवाले मानत असतो तर नाव तरी घेतलं असतं.

शेवटी गेलो. डॉक्टरीण तुमच्याकडची, पांढुरण्याचीच निघाली. म्हणे, लहानपणी कांजण्या झाल्या होत्या का? म्हटलं, हाव, मले अन् बहिणीले एकाच गोधडीत. म्हणे, तो रोग तेव्हापासून अंगात झोपून आहे, पहारा ढिला पडला की उठते. म्हटलं, कायचा पहारा? तर हसली. म्हणे, आमच्या गोटमारीत, दोन गावांच्या त्या दगडफेकीत, म्हातारे उतरले तर काय होईल? पोहोचतील उशिरा, दगड उचलतील, पण नेम बसणार नाही. वय झालं की रोगाशी लढणारी अंगातली फौज अशीच होते, नवी भरतीही कमी. म्हणून साधी सर्दी छातीत उतरते.

मग विचारलं, दिवसभर काय करता? मी छाती फुगवून सांगितलं, नगरपालिकेत नळ सोडत होतो, आता रिटायर आहो, बसून राहतो. म्हणे, तुम्ही बसले की फौजही बसते. चालल्यानं वय मागं जात नाही काका, पण पहारेकरी अंगभर फिरत राहतात. लसही असते म्हणाली, तुले अन् मले दोघांलेही विचारायची आहे.

तेव्हा मले तूच दिसली, खाटेवर बसलेली.

आपल्या लोकांत बसण्याचा मोठा मान, बाई. तू जन्मभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला. सुमेधले नोकरी लागली तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "माझी माय आता काडी उचलणार नाही." माझ्याही डोळ्यात पाणी आलं होतं. तुमच्या सावरगावच्या बाया आजही म्हणतात, चंद्रकलानं नशीब काढलं. तुझी सून शीतल हातात पाणी देते, हातात ताट देते, अशी सून भेटत नाही. पोरं मायेनंच करून राहिले. पण त्याच मायेनं तुझ्या पायातली ताकद गेली. न्यूमोनिया एकदा झाला, दुसऱ्यांदा झाला. तिसऱ्यांदा झाला तर... लिहवत नाही. नाही, लिहितोच. तिसऱ्यांदा तू वाचणार नाही, अशी मले भीती वाटून राहिली.

मागं तू म्हणाली, "आता काय उरलं रे, सुखात बसली आहो." मले असा राग आला! अवं, सुखात बसलेलं माणूस मोरीपर्यंत जायले भिंत धरते का?

मी रोज सकाळी पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन राहिलो. पहिले पाय लटपटले. ओळखीचे लोक चिडवतात, "उत्तमभाऊ, नळ सोडायचा राहिला का?" चिडवू दे. भूक लागते, झोप लागते.

आता एक गोष्ट. इथं सगळ्यांले सांगून ठेवलं होतं की बाईले कळू देऊ नका. नागीण डोळ्यात उतरली होती. उजव्या डोळ्यानं मले आता दिसत नाही. आधी गेलो असतो तर डोळा वाचला असता म्हणतात. रडू नको. दयेसाठी लिहून नाही राहिलो. पण रस्त्यानं त्या अंगानं गाडी आली की मले समजत नाही. परवा नालीत जाता जाता वाचलो. तुझी भावजय गुडघ्यांनी बेजार, पोराची ड्युटी सकाळचीच. एकट्यानं निघायले आता भेव वाटते, अन् निघालो नाही तर पुन्हा खाट आहेच.

तू ये. डॉक्टरले विचारून ये, पण ये. सुमेधले सांग, उत्तमले गरज आहे. तुझ्यासाठी तो तुले उठू देणार नाही, माझ्यासाठी देईल. पहिले अंगणातच चालू, तू थकली की बसू, मी थकलो की बसू.

माझ्या उजव्या अंगानं चालायले माणूस पाहिजे, बाई. दुसऱ्या कोणाच्या भरवशावर मी पाऊल टाकणार नाही.

तुझाच,
उत्तम