धाबळीने मेलेल्या बोर्डांबाबत

प्रति,
मा. कारखाना व्यवस्थापक साहेब,
गणनायक संगणक कारखाना,
औद्योगिक वसाहत, अंधेरी (पूर्व), मुंबई.

विषय : सून सौ. नीला हिला कामावर परत घेणे, आणि स्टॅटिक आहे की नाही हे कारखान्याने एकदाचे ठरवणे.

संदर्भ : तिला कामावरून बंद केल्याचे आपले पत्र. (खालची सही कोणाची ते घरात कोणालाच लागले नाही.)

महोदय,

१. अर्जदार ही सौ. नीला हिची सासू असून मुलुंडास राहते. शिक्षण मराठी तिसरी. या अर्जातील 'सबब', 'सदरहू' वगैरे शब्द यजमानांचे आहेत, ते कचेरीतून निवृत्त झाले आहेत. बाकी सर्व अर्जदाराचे.

२. गेल्या दसऱ्यास आपण यंत्रांची पूजा ठेवून कामगारांच्या घरच्यांना बोलावले, तेव्हा अर्जदाराने बोर्ड जोडण्याचा हॉल पाहिला. चपला बाहेर. धुतलेले पांढरे कोट. मनगटाला पट्टा, पट्ट्याला तार, तार जमिनीत. टेबलावरच्या वस्तूला बाहेरच्याने शिवायचे नाही. हे कशासाठी, असे विचारता सुनेने सांगितले की, माणसाच्या अंगावर स्टॅटिक नावाची वीज साठते. ती डोळ्यांना दिसत नाही, शिवल्याबरोबर लागते, बोर्डावरच्या चिपा मरतात. तारेने भूमीला जोडून घेतले की ती निघून जाते. अर्जदारास यात अवघड काही वाटले नाही. दिसत नाही आणि शिवल्याने लागतो, तो विटाळ. त्यावर उपाय सोवळे. आमच्या घरी हे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, त्याला इंग्रजी लागत नाही.

३. सदरहू हॉलमध्ये गार हवेचे यंत्र असल्याने सून रोज काकडून घरी येई. सबब अर्जदाराने पूर्ण विचार करून आपली धाबळी तिला दिली. साहेबांना ठाऊक नसल्यास, धाबळी म्हणजे पूजेच्या वेळी नेसायचे लोकरीचे वस्त्र. ही धाबळी अर्जदाराच्या सासूबाई कै. जानकीबाई यांची. तिला यजमानांनीसुद्धा कधी हात लावलेला नाही. कोटाच्या आतून गुंडाळली की ऊब ती ऊब, सोवळे ते सोवळे. सून म्हणाली, "आई, लोकर चालते का ते विचारून बघते." अर्जदार म्हणाली, "देवाला चालते ती तुझ्या साहेबाला चालत नाही होय गं?" दुसऱ्या दिवशी सून ती कोटाच्या आतून गुंडाळून गेली. हॉलच्या दारावर 'नायलॉन वर्ज्य' अशी पाटी आहे. लोकर वर्ज्य असल्याचे तीत कोठेही लिहिलेले नाही.

४. त्यानंतर सुनेच्या हातचे बोर्ड मरू लागले. धाबळी सावरून बोर्ड हाती घेतला की चट्‌ आवाज, आणि बोर्ड गेला. सुपरवायझर श्री. चंद्रप्रकाश सर्वांसमक्ष म्हणाले, "वहिनी, तुमच्या घोंगडीने कारखान्याची वाट लावली." धाबळीला घोंगडी म्हटल्याबद्दल अर्जदार त्यांना या जन्मी सोडणार नाही, पण तो मुद्दा वेगळा.

५. मुद्दा हा की, श्री. चंद्रप्रकाश स्वतः पट्टा बांधत नाहीत. टेरिलिनचा शर्ट घालतात. बोर्डावर ओणवे होऊन नायलॉनच्या कंगव्याने भांग पाडतात, हे अर्जदाराने दसऱ्यास डोळ्यांनी पाहिले. केस बेताचे, विंचरणे फार. सुनेच्या पट्ट्याची तार तुटली होती. तिने नवी मागितली, तर म्हणाले, "अहो, हे फॉरेनवाल्यांचे चोचले. मी इतकी वर्षे उघड्या हाताने बोर्ड धरतो, एक मेला नाही." आता साहेब, स्टॅटिक नसेल, तर धाबळीने बोर्ड मेले कसे? आणि असेल, तर कंगव्याने मारलेले कोणाच्या नावावर? सून सांगते, चिप दर वेळी लगेच मरत नाही. आतून दुखावते, इथे नीट चालते आणि गिऱ्हाइकाकडे जाऊन मरते. म्हणजे श्री. चंद्रप्रकाश यांच्या लेकी माहेरी मरत नाहीत, सासरी जाऊन मरतात, आणि हे छाती ठोकून सांगतात की आमच्याकडून धडधाकट गेली होती.

६. अर्जदार ऐकीव गोष्टीवर बोलत नाही. धाबळी इस्त्रीने खणखणीत कोरडी केली, हाताने चोळली आणि देवाच्या वातींच्या तबकावर धरली. वाती उडून तिला चिकटल्या. मग कपाटाच्या कडीला बोट लावले, तो चटका बसला. यजमान म्हणाले, "आता पटलं?" अर्जदाराने वाती वेचून परत तबकात ठेवल्या. आमच्या दमट घरात धाबळी गरीब गाय होती, आपल्या गार कोरड्या हॉलात वाघीण झाली. सबब निम्मा दोष आपल्या यंत्राचा. सासूबाई म्हणत की लोकरीचे सोवळे ही आळशाची सोय, खरे सोवळे धुतलेल्या सुती लुगड्याचे, तेही ओलेते. सुताच्या बाबतीत त्यांचे बरोबर होते. त्यांच्या हयातीत अर्जदाराने हे कबूल केले नव्हते.

७. चौकशीत "लोकर घालायला कोणी सांगितले?" असे विचारता सुनेने "माझी मीच घातली" असे उत्तर दिले. हे शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या उत्तरा नावाच्या मुलीकडून कळले. घरात सून अवाक्षर बोललेली नाही. यंत्राच्या पोटात हात घालून ते जिवंत करणारी आमच्या घरातली ती पहिली बाई. हल्ली सकाळी सवयीने डबा काढते, पुसते आणि परत फळीवर ठेवते. साहेब, ती खोटे बोलली. धाबळी मी दिली. मला विचारल्याशिवाय डाळीत मीठ न घालणारी ही मुलगी खोटे मात्र मला न विचारता बोलली.

८. सबब विनंती की, सुनेला कामावर घ्यावे आणि अखंड तारेचा पट्टा द्यावा. पाटीवर 'लोकर' हा शब्द वाढवावा. श्री. चंद्रप्रकाश यांचा कंगवा दारावर जमा करून घ्यावा. त्यांच्याकडून सोवळे पाळले जात नसल्यास अर्जदार रोज येऊन दाराशी बसण्यास तयार आहे. पाट घरून आणील. पट्टा बांधल्याशिवाय कोणी आत जाणार नाही. आपणही नाही.

आपली नम्र (असे लिहावेच लागते, असे यजमान म्हणतात),

सौ. रत्नप्रभा शरच्चंद्र पोंक्षे
मुलुंड (पूर्व)
दि. ९ फेब्रुवारी १९८७

सोबत : धाबळी, पितळी डब्यात. पुराव्यासाठी पाहावी, शिवू नये. तिला आपला विटाळ होईल आणि आपल्या बोर्डांना तिचा. सून कामावर येईल त्या दिवशी तिच्याच हाती द्यावी. माझ्यामागे ती तिचीच आहे.