माझ्या आधी माझा आवाज

३ तारीख, सकाळ

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील, तुझ्या त्या काचेच्या खोलीतली माणसंही बरी असतील. मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण या वयात गुडघ्यांनी नाही तर आणखी कोणी कुरकुरायचं?

पत्र पाहून तू आधी घाबरशील आणि मग फोन करशील. करू नकोस. मी उचलणार नाही. माझं काम लेखी आहे, उत्तरही लेखीच हवं.

मी घरी गाणं रेकॉर्ड करते आहे. हस, हवं तेवढं हसून घे. तू स्टुडिओत नोकरी धरलीस तेव्हा कारखान्याच्या फाटकावर उभी राहून मी बोलले होते, 'गाणं डबीत भरलं की ते गाणाऱ्याचं राहत नाही, ऐकणाऱ्याचंही राहत नाही, ते डबी विकणाऱ्याचं होतं!' टाळ्या पडल्या आणि तू गर्दीतून निघून गेलीस. त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. फक्त एक गाणं मला डबीत भरायचं आहे. आपलं संपाच्या वेळचं. मी विचारायचे, 'भिंतीच्या पलीकडे कोण?' आणि गर्दीच्या दुसऱ्या टोकाकडून तू उत्तर द्यायचीस, 'मी आहे, तू गात राहा.' माझ्या ओळी मी गाईन, तुझ्या जागा रिकाम्या ठेवीन. आणि हे एकोणीस तारखेच्या आत झालं पाहिजे. का, ते विचारू नकोस.

आता गाऱ्हाणं ऐक. दुकानदार म्हणाला, "मावशी, एकदम सोपं आहे. घरबसल्या होईल." मी म्हटलं, "बाबा, घरबसल्या फक्त पायाला सूज येते." तो हसला आणि त्यानं एक माइक, तो लॅपटॉपला जोडायची एक डबी, हेडफोन आणि वायरींचं भेंडोळं माझ्या गळ्यात मारलं. घरी येऊन लॅपटॉपवर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, तर पुढ्यात विमान चालवायची खोली! बटणांवर बटणं. सभेत माइक समोर यायचा आणि आपण बोलायला लागायचो. इथे माइकच मला प्रश्न विचारतो. इनपुट कोणतं? आउटपुट कोणतं? दोन दिवस मी माइकसमोर गात राहिले आणि यंत्र ऐकत होतं लॅपटॉपच्या कडेच्या बारीक भोकातून. ते कळलं कशावरून? रेकॉर्डिंगमध्ये माझ्यापेक्षा पंखा सुरात होता.

मग नवा माइक निवडला, तर तो मुका. माहितीपत्रक वाचून काढलं. त्या माइकला वेगळी वीज लागते आणि तिचं नाव आहे 'फँटम पॉवर'. भुताची वीज! गावोगाव भुताखेतांविरुद्ध व्याख्यानं दिली, आणि शेवटी भुताचं बटण दाबलं तेव्हा कुठे माझा आवाज आला.

पण आला तो उशिरा. मी गाते आणि हेडफोनमध्ये तेच शब्द क्षणभर मागून येतात. पाठीमागे कोणीतरी उभं राहून माझी नक्कल करतंय असं वाटतं. आणि धाकटे, मी अडखळते. मी! दगड येत असताना जिनं वाक्य अर्धं सोडलं नाही, ती 'भिं... भिं...' करत बसते. या उशिराचं काय करायचं, तेवढं कळव.

तुझी,
ताई


११ तारीख, दुपार

प्रिय धाकटे,

तुझं पत्र पोचलं. चार ओळी! एवढ्या वर्षांनी चार ओळी, त्यातल्या तीन यंत्राबद्दल. 'सेटिंगमध्ये बफर नावाचा आकडा आहे, तो कमी कर. फार कमी केलास तर तडतडेल, मग एक पायरी वर जा. तेवढं जमेल तुला, भाषण नाहीये ते.' आणि चौथी ओळ, 'फोन का उचलत नाहीस?' टोमणा मिळाला. प्रश्न मिळाला नाही असं समज.

आकडा कमी केला. उशीर कमी झाला. आणखी कमी केला, तर तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा तडतडाट. एक पायरी वर गेले. आवाज आणि मी बरोबर आलो. त्या दिवशी मी इतकी खूश होते की शेजारच्या शिंपीणबाईंना उगाच हाक मारून साखर मागितली.

दुसऱ्या दिवशी आवाज माझ्या आधी आला.

तू भुवया उंचावशील, म्हणून सावकाश सांगते. मी श्वास घेतला, तोंड उघडलं नव्हतं, आणि कानात माझाच आवाज म्हणाला, 'भिंतीच्या पलीकडे'. मग ते मी म्हटलं. वाटलं, जुनं रेकॉर्डिंग वाजतंय. सगळे ट्रॅक पुसले. पुन्हा तेच. ऐन वेळी शब्द बदलायचा ठरवला, 'भिंतीच्या'ऐवजी 'फाटकाच्या' म्हणायचं. कानात आधीच 'फाटकाच्या' आलं. आयुष्यात कोणी माझ्या तोंडात शब्द घातलेले मी खपवून घेतलेले नाहीत, तुला माहीत आहे. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

कानात गाणं चालूच राहिलं. तिसऱ्या ओळीत ते खोकलं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. मग दाराची बेल वाजली आणि शिंपीणबाईंचा आवाज आला, "आज गाण्याला सुट्टी का हो? मशीन चालवायला मजाच येत नाही." मी हेडफोन काढून दार उघडलं. जिन्यात कोणी नव्हतं. शिंपीणबाईंच्या घरातून मशीनचा आवाज येत होता.

मी परत येऊन खुर्चीत बसले. बऱ्याच वेळानं मशीन थांबलं. बेल वाजली. दारात शिंपीणबाई, हातात माप घ्यायची टेप.

"आज गाण्याला सुट्टी का हो? मशीन चालवायला मजाच येत नाही."

मी दारातून बाजूला झाले. त्या आत येऊन बसल्या. "म्हणा की. मी काय तिकीट थोडंच मागतेय!" वेड्यासारखं दिसू नये म्हणून मी गाणं म्हटलं. तिसऱ्या ओळीत खोकला आला. मी थांबले. पुन्हा सुरू केलं.

धाकटे, आपण ग्रंथ वाचलेली माणसं आहोत. मी कारणं शोधली. त्या सॉफ्टवेअरमध्ये उशीर भरून काढायची सोय असते, ती चुकली तर रेकॉर्डिंग पुढे सरकतं, हे मी वाचलं. पण ते रेकॉर्डिंगचं झालं. जिन्यातली बेल कोणतं सॉफ्टवेअर पुढे सरकवतं? माइकची वायर काढून पाहिली. वायर माझ्या मांडीवर होती आणि कानात नळ सुटल्याचा आवाज येत होता. संध्याकाळी मी नळ सोडला तेव्हा तो ओळखला.

खोकल्याबद्दल लिहून गेले, आता तू विचारणारच. तर घे. गेले काही महिने आवाज बसलेला आहे. सर्दी म्हटलं, भाषणं जास्त झाली म्हटलं. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता लिहायला घेतलं. मी म्हटलं, "बाई, मी मोठमोठ्या सभांमध्ये वाईट बातम्या दिल्यात. वर बघून सांगा." मग त्यांनी वर बघून सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. एकोणीस तारीख त्यांनी दिलेली आहे.

म्हणून फोन नाही. पहिल्याच शब्दाला तू ओळखलं असतंस.

तुझी,
ताई


१४ तारीख

प्रिय धाकटे,

तुझं उत्तर यायच्या आत लिहिते आहे, कारण आता थांबण्यात अर्थ नाही.

मी ठरवलं होतं, हेडफोनला हात लावायचा नाही. पुढचं लिहून ठेवलेलं नसतं, ते माणसं घडवतात, हेच तर मी जन्मभर ओरडून सांगितलं. कपाळावरच्या रेघांना मी भर चौकात आव्हानं दिली. मग एका डबीला भिऊन कसं चालेल? आणि भीत नसेन तर ऐकायला काय हरकत आहे? अशी मीच माझ्याशी दोन्ही बाजूंनी वाद घातला आणि आज जेवण झाल्यावर हेडफोन कानाला लावले.

पहिल्यांदा काहीच नव्हतं. मग खुर्ची सरकली. कपात चमचा फिरला. माझी चप्पल ओळखू येते, डावी घासते. ती दारापर्यंत गेली आणि परत आली. कोणी बोललं नाही. मी एकटी राहते, एकट्या घरात कोण कोणाशी बोलणार? तरी ती शांतता माझ्या ओळखीची नव्हती. कोणी गप्प असतं तशी ती नव्हती, आवाजच उरलेला नसतो तशी होती. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले, बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले आणि पुन्हा लावले.

तेव्हा तू गात होतीस.

'मी आहे, तू गात राहा.' आपल्या संपाच्या दिवसांतला तो कोवळा आवाज नाही. खाली उतरलेला, थोडा जड, शेवटच्या अक्षरावर किंचित कापणारा. हा तुझा आवाज मी कधी ऐकलेला नाही, पण तुझाच. याच खोलीत. तुझ्या आवाजामागे माझा पंखा फिरत होता.

तुझ्या ओळीनंतर माझी ओळ येते. मी वाट पाहिली. टेबलाची कड धरून वाट पाहिली. तू श्वास घेतलास तो ऐकला. आणि पडदा पांढरा झाला, मधोमध चौकट आली, प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही. इतक्या दिवसांत ते सॉफ्टवेअर अनेकदा असं बंद पडलं, मी त्याला अनेक शिव्या दिल्या. आज शिवी सुचली नाही. पुन्हा चालू केलं तेव्हा कानात फक्त खरखर होती.

म्हणजे तुझ्या ओळीआधी मी प्रश्न विचारला होता की नव्हता, ते मला माहीत नाही. तुझ्यानंतर मी गायले की तू या खोलीत बसून मुक्या बहिणीसमोर एकटीच उत्तर देत होतीस, तेही माहीत नाही. ते यंत्र कधी घटकाभर पुढचं ऐकवतं, कधी अर्ध्या दिवसाचं, आज किती पुढचं ऐकवलं ते त्यालाच ठाऊक. तू येणार, एवढं मात्र ते सांगून गेलं.

येणार हे त्याचं. कधी येणार, ते मी त्याच्या हातात देणार नाही. तेवढी जागा अजून आपली आहे आणि तिच्यासाठी मी भांडणार.

पत्र वाचून उठ. त्या काचेच्या खोलीतल्या माणसांना सांग, ताई आजारी आहे, आणि हे खोटं नाही. सामान बांधत बसू नकोस, माझे कपडे तुला होतात. एकोणीसच्या आत ये. गाणं डबीत राहो न राहो, मला 'भिंतीच्या पलीकडे कोण?' हे तुझ्या तोंडावर विचारायचं आहे, आणि ते विचारल्यावर तुला माझा आवाज ऐकू आला पाहिजे.

तुझी,
अजून प्रश्न विचारू शकणारी,
ताई