मढला कुणी हसलं नाय

आबा,

फोनवर तुमचं पुन्हा तेच! म्हणे, "सोंगाड्याच्या वह्या पुण्याला देऊन माझी अब्रू घालवलीस. ताईच्या सासरी कळलं तर?" तीस वर्षं तमाशात लोकांना हसवलंत, आता सोयऱ्यांपुढं लाजता?

सुट्टीत मी पुण्याच्या त्या संग्रहालयात जाऊन आलो. तुमच्या वह्या, तमाशा शिबिरातल्या तुमच्या भाषणांच्या कॅसेटी, सगळं नीट ठेवलंय. तिथं वाचायच्या खोलीत मोठ्यानं बोलायची बंदी. तरी वह्या सांभाळणाऱ्या साधना मॅडमनी एक पान वाचलं, "मढ गावाला ह्या विनोदावर कुणी हसलं नाय. पाटलाच्या जागी सासू घातली, बोरीला लोकांनी तंबू डोक्यावर घेतला." आणि मॅडमना हसू आवरेना. आजूबाजूचे वाचणारेबी हसाय लागले. मी म्हणालो, "आमचे आबा हायेत ते!"

वह्यांच्या खोक्यावर तुमचं पूर्ण नाव लिहायला लावलंय, गावासकट. येत्या रविवारी तुमी तिथं तमाशा शिकायला येणाऱ्या पोरांना सोंगाड्याचं काम शिकवायचंय, मॅडमनी बोलावलंय.

ताईच्या सासऱ्यांना मीच फोन केला. ते म्हणाले, "अरे, नारायणगावच्या जत्रेत पुढं बसून बघितलंय त्यांना! माझे इवाय, सुनेचे वडील, तेच, हे आज कळतंय व्हय? मलाबी न्या."

हे पत्र पोस्टात टाकून वाट बघायचा धीर नाय, म्हणून ताईच्या सासऱ्यांच्या फोनवर पाठवतोय. तेच येतील वाचून दाखवायला.

तुमचा, हैदराबादेत ताठ मानेनं फिरणारा,
स्वराज

ता.क. दोघांच्या गाडीभाड्याला आणि तुमच्या नव्या फेट्याला तीन हजार पाठवतोय.